कॅंडिडेट मिळत नाहीत की आपण त्यांना येऊ देत नाही? नागपुरात तरुण रिसर्च फॅकल्टी भरताना काय काय करायचं

"कॅंडिडेटच मिळत नाहीत हो" हे वाक्य सिलेक्शन कमिटीत बसायला लागल्यापासून मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची रिंगटोन करावी, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः पण ते म्हटलंय. मी बायोकेमिस्ट्रीवाली, नागपुरातच एका ट्रस्टच्या मेडिकल रिसर्च संस्थेत आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण खाली आमच्या चुकाच जास्त लिहिल्यात. आजूबाजूच्या दोन-तीन कॉलेजांतल्या लोकांनी विचारलं की तुम्ही आता भरती वेगळी कशी करता ते जरा सविस्तर सांगा, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

आधी एक किस्सा. काही वर्षांपूर्वी आम्ही सिकल सेलच्या (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) कामासाठी असिस्टंट प्रोफेसरच्या तीन जागा काढल्या होत्या. अर्ज आले, बरेचसे पुणे-हैदराबाद-दिल्लीच्या मोठ्या लॅबमधून, दोघं जण निवडले, त्यातला एक नऊ महिन्यांत परत गेला आणि तिसरी जागा रिकामीच राहिली. त्याच उन्हाळ्यात मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काही सॅम्पलचे एचपीएलसी रिपोर्ट (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी मशीनची तपासणी) बघायला गेले होते. मशीनवर एक बाई बसल्या होत्या, पस्तिशीच्या आसपास असतील, त्यांनी एका ग्राफवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या की मॅडम, सॉफ्टवेअर याला एस (सिकल सेलचं हिमोग्लोबिन) म्हणतंय पण ग्राफवरचं टोक थोडं लवकर आलंय आणि आमचा कॉलम जुना झालाय, हा डी पंजाब (हिमोग्लोबिनचा वेगळाच प्रकार) पण असू शकतो, सोल्युबिलिटी टेस्ट लावा, आणि अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसवर भरवसा ठेवू नका कारण तिथं एस आणि डी एकाच जागी येतात. मी बघतच राहिले. आमच्या इंटरव्ह्यूत हे एवढं नेमकं कोणीच बोललं नव्हतं. विचारलं तर बाईंची पीएचडी हिमोग्लोबिनच्याच विकारांवर, विदर्भातल्याच विद्यापीठाची. म्हटलं मग आमच्याकडे अर्ज का नाही केला? त्या म्हणाल्या, "तुमच्या जाहिरातीत 'अखंडित संशोधन अनुभव' लिहिलं होतं ना मॅडम, मला दोन वर्षांचा गॅप आहे, मुलगी झाली तेव्हाचा."

ते 'अखंडित' मी लिहिलं होतं. म्हणजे लिहिलंही नव्हतं, आधीच्या जाहिरातीतून कॉपी केलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे भरतीचा पहिला प्रश्न असा असतो, की अर्ज कोणी केला नाही? आलेल्यांची छाननी सगळेच करतात, पण समावेशक भरती का काय म्हणतात तिचं घोडं पेंड खातं ते अर्जाच्याही आधी. जागा काढायच्या आधी दोन तास बसून एक कच्ची यादी करा, आपल्या विषयात गेल्या सात-आठ वर्षांत नागपूर, अमरावती, गडचिरोलीच्या विद्यापीठांतून आणि आसपासच्या राज्यांतून पीएचडी झालेले कोण कोण आहेत आणि आत्ता काय करून राहिले. शोधगंगा या वेबसाइटवर थिसिस पडलेले असतात, फुकट बघता येतात. या यादीतले किती जण अर्ज करतात ते नंतर ताडून बघायचं. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा यादीतले जवळजवळ कोणीच आलं नव्हतं, आणि ही सगळी मंडळी आपल्या तीन-चार तासांच्या अंतरात राहणारी.

आता आरक्षणाचं. सरकारी किंवा अनुदानित संस्था असाल तर बिंदुनामावली, म्हणजे कितव्या क्रमांकाची जागा कोणत्या प्रवर्गाला ते ठरवणारा तक्ता (रोस्टर), मावक म्हणजे मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरातच निघत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. पण बऱ्याच प्राध्यापकांना रोस्टर म्हणजे ऑफिसचं काम वाटतं, आणि मग इंटरव्ह्यूच्या दिवशी पॅनेलवर बसून "ही जागा कोणत्या कॅटेगरीची आहे" असं विचारतात. थोडं समजून घ्या हो. केंद्राच्या रोस्टरमध्ये चौथा बिंदू ओबीसी, सातवा एससी, चौदावा एसटी. आता विभाग हे युनिट धरलं आणि विभागात तीनच जागा असल्या तर आरक्षणाचा एकही बिंदू येत नाही, आणि एसटीचा तर चौदा जागा होईपर्यंत नाही, म्हणजे पिढी निघून जाते. २०१८ मध्ये यूजीसीने विभागनिहाय रोस्टरचा आदेश काढल्यावर देशभर जो गदारोळ झाला तो यासाठी, आणि म्हणून २०१९ चा केंद्रीय कायदा आला ज्यात अख्खी संस्था हेच युनिट धरलं. त्यातून काही निवडक आणि संशोधन संस्था वगळल्यात हेही खरं. राज्याच्या बिंदुनामावलीचं गणित वेगळं आहे, एससी १३ टक्के, एसटी ७ टक्के, भटक्या-विमुक्तांचे चार वेगळे गट, वर महिला आणि दिव्यांगांचं समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण. आमच्यासारख्या खाजगी ट्रस्टला यातलं बरंचसं लागू नाही, पण गणित आम्हालाही शिकण्यासारखं आहे, कारण आमच्याकडेही जागा एकेक करून निघतात आणि एकेक करून निघालेल्या जागेवर दर वेळी 'सगळ्यात सेफ' माणूसच बसतो.

आणि राखीव जागेवर 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा. हा शेरा मारणं फार सोपं आहे, एका ओळीत काम होतं आणि जागा पुढच्या वर्षावर जाते. तुम्ही पॅनेलवर असाल तर एक करा, तो शेरा मारायचा असेल तर प्रत्येक उमेदवारापुढे कोणत्या निकषावर किती गुण कमी पडले ते लिहायचं, आणि जाहिरात किती ठिकाणी पोचवली तेही त्याच कागदावर लिहायचं, असा ठराव मीटिंगच्या सुरुवातीलाच करून घ्या. शेवटी केला तर कोणी ऐकत नाही, सगळ्यांना गाडी पकडायची असते.

जाहिरात लिहिताना

जुनी फाइल उघडून नाव-तारीख बदलू नका, कोऱ्या पानावर लिहा. आवश्यक पात्रता म्हणजे जिच्याशिवाय कायद्याने किंवा कामाने चालणारच नाही ती, बाकी सगळं 'असल्यास उत्तम' मध्ये टाका. आमच्या जुन्या जाहिरातीत आवश्यक म्हणून अकरा गोष्टी होत्या, त्यात 'परदेशी पोस्टडॉक' (पीएचडीनंतरचं परदेशातलं संशोधन) होता, 'उत्कृष्ट इंग्रजी संभाषण' होतं, आणि इम्पॅक्ट फॅक्टरची (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) बेरीज पण होती. कोऱ्या पानावर लिहिल्यावर चारच उरल्या. अकरापैकी नऊ जमत असले की काही लोक बिनधास्त अर्ज करतात आणि काही लोक दोन जमत नाहीत म्हणून फॉर्म बंद करतात, आणि हे दुसरे कोण असतात ते सांगायला नको.

गॅपबद्दल गप्प बसू नका, स्पष्ट लिहा की बाळंतपण, आजारपण, घरची जबाबदारी, नोकरीसाठी संशोधन सोडावं लागलं, यातल्या कुठल्याही कारणाने खंड असेल तरी अर्ज करा आणि वय नाही, पीएचडीनंतरची प्रत्यक्ष संशोधनाची वर्षं मोजली जातील. पगार लिहा. 'नियमानुसार' लिहू नका, आकडा लिहा, कारण ज्याला आतून माहिती काढता येते त्यालाच नाहीतर आकडा कळतो. लॅबची जागा किती, सुरुवातीचा निधी किती, आठवड्याला किती तास शिकवायचंय, हेही लिहा. वडिलांचं-पतीचं नाव, वैवाहिक स्थिती, फोटो हे अर्जात मागायचंच नाही. जातीचा दाखला लागत असेल तर तो वेगळ्या पाकिटात ऑफिसकडे, पॅनेलच्या हातात नाही. आणि अर्जाची फी, ती ठेवायचीच असली तर मागितल्याबरोबर माफ होईल अशी ठेवा.

जाहिरात टाकायची कुठे? पेपरात आणि वेबसाइटवर टाकून मोकळं होणं म्हणजे नुसतं जाहिरात दिल्याचं नाव करणं. आम्ही आता बार्टी, महाज्योती, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्यांपर्यंत पोचवतो (महाज्योतीचं ऑफिस तर इथेच नागपुरात आहे, तरी इतकी वर्षं आम्ही कधी गेलो नव्हतो), गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात पाठवतो, अमरकंटकच्या ट्रायबल युनिव्हर्सिटीत पाठवतो, केंद्राच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) च्या बायोकेअर आणि डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) च्या वाइज-किरणसारख्या स्कीममधून परत संशोधनात आलेल्या बायकांचे जे ग्रुप आहेत तिथे टाकतो, आणि डायग्नॉस्टिक लॅबमध्ये पण पाठवतो, त्याचं कारण वर आलंच आहे. नुसता पीडीएफ फॉरवर्ड करू नका, खाली एक फोन नंबर द्या ज्यावर खरंच कोणी माणूस उचलेल. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात आलेले बहुतेक फोन एकाच गोष्टीचे होते, "मॅडम, आधीच ठरलेलं तर नाही ना कोणी?" या प्रश्नावर रागवायचं नाही, लोकांनी तसंच बघितलेलं असतं. मुदत पंचेचाळीस दिवस तरी ठेवा, पंधरा दिवसांची जाहिरात म्हणजे ज्याला आधीपासून माहिती होतं त्याच्यासाठीच.

छाननी

अर्ज उघडायच्या आधी गुणांचा तक्ता ठरवा. आधी म्हणजे आधी, नाहीतर आवडलेल्या माणसाच्या मापाचा तक्ता शिवला जातो. आमचा तक्ता साधा एक्सेलमध्ये आहे, पाच कॉलम, स्वतःच्या डोक्याने काढलेला प्रश्न किती दमदार, हाताने केलेलं काम किती पक्कं, पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन इथे नागपुरात होण्यासारखा आहे का, विद्यार्थी घडवलेत का, आणि पाचवा कॉलम ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं झाली, 'मिळालेल्या साधनांत किती केलं'. याचा अर्थ असा की एकाने क्रायो-ईएमसारखं महागडं सूक्ष्मदर्शक असलेल्या लॅबमध्ये, पन्नास जणांच्या टीममध्ये राहून मोठ्या जर्नलमध्ये सातवं नाव लावलं, आणि दुसऱ्याने जिथे पीसीआर मशीन आठवड्यातून दोनदाच मिळायचं तिथे एकट्याने तीन पेपर काढले, तर दोघांना एकाच फूटपट्टीने मोजायचं नाही. आमचे एक सीनियर सर म्हणाले की ही तर सहानुभूती झाली. मी म्हटलं सर, तुम्हाला इथे बारा-बारा महिने ग्रँटची वाट बघत काम काढणारा माणूस पाहिजे की नाही? मग हा गुण आहे, दया नाही.

जर्नलच्या नावाने गुण देऊ नका. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्रात, डोरा म्हणतात त्यात, हेच सांगितलंय की इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नाही. उमेदवाराकडून फक्त तीन पेपर मागा आणि प्रत्येकात तुझं स्वतःचं काम काय ते चार ओळीत लिहायला सांगा, दूध का दूध होतं.

नावं झाकायची की नाही? जमलं तर झाका. अमेरिकेत २०१२ मध्ये एक अभ्यास झाला होता, विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला, काहींना वर जॉन नाव आणि काहींना जेनिफर. तोच अर्ज, पण जॉन जास्त लायक वाटला आणि त्याला पगारही जास्त द्यावासा वाटला, साधारण तीस हजार डॉलर विरुद्ध साडेसव्वीस हजार. आणि हे पुरुष प्राध्यापकांनीच केलं असं नाही, बायकांनी पण तेवढंच केलं. आपल्याकडे तर नुसतं पुरुष-बाई नाही, आडनाव आहे. आडनाव वाचलं की डोक्यात काय काय होतं ते आपण कोणी मोजत नाही पण होतं सगळ्यांचं, माझं पण. आमच्या ऑफिसमधला एक पोरगा पहिल्या फेरीसाठी नावं काढून फक्त नंबर टाकतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पेपरांच्या यादीत नाव दिसतंच, त्यामुळे पूर्ण झाकलं जात नाही, पण गुण देताना पहिलं जे दिसतं ते नाव नसतं, एवढा फरक पुरतो. प्रत्येक अर्ज दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि दोघांच्या गुणांत जास्त फरक आला तरच तिसऱ्याने बघायचं.

इंटरव्ह्यू

आमचा रिपोर्टिंग टाइम सकाळी नऊ होता, वर्षानुवर्षं. कोणाला काही वाटलं नाही, कारण पॅनेलवरचे सगळे नागपुरातले. गडचिरोलीहून एसटीने गणेशपेठला यायला चार-साडेचार तास लागतात, म्हणजे एक तर पहाटे निघा नाहीतर आदल्या रात्री लॉजचे पैसे घाला. आता आम्ही बाहेरगावच्यांना दुपारी बोलावतो, येण्याजाण्याचे पैसे त्याच दिवशी देतो (नंतर बिल पाठवा असं नाही, त्या बिलांचं काय होतं ते माहितीये), आणि तान्हं बाळ असेल तर सोबतच्या माणसाचं भाडं पण. मे महिन्यात इंटरव्ह्यू ठेवूच नका बाप्पा, पंचेचाळीस डिग्रीत टाय लावून आलेला माणूस काय पेप्टाइडबद्दल बोलणार. आणि खोली तळमजल्यावर ठेवा. आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि कुबड्या घेऊन आलेल्या एका मुलाला शिपायाने उचलून आणायची तयारी दाखवली होती, ती गोष्ट आठवली की आजही लाज वाटते. त्या मुलाचा सेमिनार उत्तम झाला, पण जिना चढून आल्यावर पहिली दहा मिनिटं तो नुसता धापा टाकत होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, २१ प्रकारचं दिव्यांगत्व त्यात येतं, सरकारी आस्थापनांना चार टक्के आरक्षण आहे, हे सगळं पोस्टरवर छान दिसतं पण बोलावणं पाठवतानाच 'तुम्हाला काय सोय लागेल' हा एक प्रश्न विचारला असता तर त्या मुलाची ती दहा मिनिटं वाचली असती.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तीस मिनिटं सेमिनार, मग वीस मिनिटं फळ्यावर पुढचा प्लॅन, स्लाइड नाही, मग ठरलेले सहा प्रश्न. सेमिनार इंग्रजीत असला तरी फळ्यावरच्या चर्चेत मराठी-हिंदी चालेल हे आधीच सांगा. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत अडखळतात तेव्हा आपल्याला वाटतं विषयच कच्चा आहे, आणि कॉन्व्हेंटवाला गुळगुळीत बोलला की वाटतं व्वा. एका मुलीला फ्लो सायटोमेट्रीच्या गेटिंगवर (मशीनने मोजलेल्या पेशींतून हव्या त्या कशा निवडायच्या) विचारलं तर इंग्रजीत दोन वाक्यांत थांबली, "मराठीत सांगू का" म्हणाली, आणि मग पाच मिनिटं खडूने असं समजावलं की आमच्याच एका पीएचडी विद्यार्थ्याने वहीत उतरवून घेतलं.

जे विचारायचं नाही ते पण पॅनेलला आधी कागदावर द्या. लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, मुलं किती, सासू-सासरे सोबत असतात का, हे बंद. पण सगळ्यात चिवट प्रश्न म्हणजे "मूळचे कुठले तुम्ही?" दिसायला किती साधा, चहा देता देता विचारतात. गाव कळलं नाही तर "पूर्ण नाव काय", मग "आईचं माहेर". आपल्याला सगळ्यांना माहितीये हा प्रश्न कशासाठी असतो. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात तरी हे पॅनेलवर व्हायला नको. आमच्या पॅनेलवरचे एक पाहुणे तज्ज्ञ नियम वाचूनसुद्धा जेवताना विचारतातच, म्हणून आता आम्ही उमेदवारांचं जेवण पॅनेलसोबत ठेवतच नाही, तरुण फॅकल्टी आणि पीएचडीच्या पोरांसोबत ठेवतो. तिथे उमेदवाराला खरी माहिती पण मिळते, कुठला फ्रीजर बंद आहे आणि कोणाच्या हाताखाली काम करू नये वगैरे.

पॅनेलवर एकच बाई आणि एकच मागासवर्गीय सदस्य, आणि ते दोघं एकच व्यक्ती, असंही मी बघितलंय. दोन तरी वेगवेगळे लोक हवेत, आणि त्यांना मत विचारताना शेवटी नाही, आधी विचारा.

एकट्याला घेऊ नका

जमलं तर दोन-तीन जागा एकत्र काढून एकत्र भरा. अमेरिकेत एनआयएचने (तिथली वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) फर्स्ट नावाचा कार्यक्रम काढला होता, २०२१ मध्ये त्याची पहिली अनुदानं दिली, त्यात विद्यापीठांनी बायोमेडिकलमधली तरुण फॅकल्टी एकेकटी न घेता गटाने घ्यायची असं होतं. तिथली भानगड वेगळी, पैसा वेगळा, पण गटाची कल्पना आपल्याला चालण्यासारखी आहे. विभागात एकटी बाई किंवा एकटा आदिवासी प्राध्यापक असला की त्याची प्रत्येक चूक 'त्यांच्या लोकांची' होते आणि प्रत्येक कमिटीवर त्यालाच घालतात, अँटी रॅगिंगपासून ते महिला दिनाच्या रांगोळीपर्यंत. तीन जण एकत्र आले की निदान सोबत चहा प्यायला कोणी असतं. आम्ही पहिल्या दोन वर्षांत नव्या माणसाला एकाहून जास्त कमिटी द्यायची नाही असं लेखी ठरवलंय.

मेडिकल कॉलेजवाल्यांसाठी अजून एक, तुमच्याकडे एमडी आणि 'नॉन-मेडिकल' असे दोन वर्ण असतात. एमएस्सी-पीएचडी करून आलेल्या माणसाला पगार कमी, विभागप्रमुख होणार नाही हे गृहीतच, आणि ओळख करून देताना "हे आमचे नॉन-मेडिकल". किती टक्के असे शिक्षक घेता येतात याचे एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियम गेल्या काही वर्षांत वरखाली झालेत, जाहिरातीच्या आधी ताजं नोटिफिकेशन वाचा. पण ती ओळख करून देणं बंद करायला कुठलं नोटिफिकेशन लागत नाही.

ऑफर आणि पहिलं वर्ष

फोनवर "बघू, करून देऊ" नाही, पत्रात लिहा. किती चौरस फूट जागा, मायनस ऐंशीच्या फ्रीजरमध्ये कोणता रॅक, जनरेटर बॅकअप त्या फ्रीजरला आहे की नाही (उन्हाळ्यात लाइट गेली की हे कळतं, आणि मग उशीर झालेला असतो), एथिक्स कमिटी महिन्याला बसते की तीन महिन्यांनी, पहिल्या वर्षी शिकवायचे तास निम्मे. बाहेरच्या लॅबमधून आलेला पोरगा भांडून घेतो, त्याला माहिती असतं काय मागायचं. घरातला पहिलाच प्राध्यापक झालेला माणूस मागत नाही, नोकरी मिळाली हेच खूप वाटतं त्याला. म्हणून मागण्याची यादी आपणच छापून द्यायची आणि म्हणायचं यावर टिक कर. हा एक कागद, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

ग्रँटसाठी पण तसंच. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची अर्ली करिअर ग्रँट, इन्स्पायर फॅकल्टी, बाहेरून परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी, इंडिया अलायन्सच्या फेलोशिप, यातलं कोणाला काय लागू होतं आणि वयाची-खंडाची सूट कशी मिळते ते पहिल्याच महिन्यात बसून बघा, आणि मंजूर झालेला एखादा जुना अर्ज त्यांना वाचायला द्या. मोठ्या लॅबमधल्या मुलांकडे असे दहा अर्ज पेनड्राइव्हमध्ये असतात. दोन मेंटॉर द्या, एक विभागातला, एक बाहेरचा ज्याच्या हातात याचा सीआर (गोपनीय अहवाल) नाही. पाळणाघराचं पण बघा, २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असले की ते द्यावंच लागतं, २६ आठवड्यांची रजा तर आहेच, आणि त्या रजेमुळे प्रोबेशन लांबवायचं नाही. प्रोबेशनवरून आठवलं, बायोकेमिस्ट कमला सोहोनींना बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आधी बाई म्हणून नाकारलं आणि मग घेतलं तेही एक वर्ष बघू म्हणून, १९३३ ची गोष्ट. नंतर १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. हे 'एक वर्ष बघू' अजून गेलेलं नाही.

आणि घर. हे कुठल्याच एचआरच्या यादीत नसतं पण नवीन माणूस पहिल्या महिन्यात सोडून जायचा विचार करतो तो इथेच. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला एका सोसायटीत फ्लॅट आवडला, टोकन द्यायला गेला, मालकांनी आडनाव विचारलं, मग नॉनव्हेज खाता का विचारलं, मग म्हणाले मुलाचं लग्न ठरतंय त्यामुळे फ्लॅट आता द्यायचा नाही. आठवड्यात त्याच फ्लॅटची जाहिरात परत लागली. सावजीच्या शहरात नॉनव्हेजचा प्रश्न, बोला आता. आता आम्ही संस्थेच्या नावाने करार करतो किंवा पहिले सहा महिने गेस्ट हाउसची खोली देतो, आणि घर बघायला आमच्यातलं कोणीतरी सोबत जातं.

मोजायचं काय? एक वही ठेवा, खरंच वही. किती जणांनी अर्ज केला, किती शॉर्टलिस्ट, किती इंटरव्ह्यू, कोणाला ऑफर, कोणी नाकारली आणि का, आणि तीन वर्षांनी कोण आहे. प्रत्येक पायरीवर बाया किती, राखीव प्रवर्गातले किती, दिव्यांग किती, विदर्भातले किती. कुठल्या पायरीवर एकदम गळती होते ते दोन-तीन भरत्यांत दिसायला लागतं. आमची गळती इंटरव्ह्यूत असेल असं मला वाटत होतं, निघाली अर्जाच्या आधी आणि जॉइन झाल्यावर दुसऱ्या वर्षात.

धंतोलीच्या त्या बाईंनी पुढच्या जाहिरातीला अर्ज केला. गुणांत पहिल्या आल्या. जॉइन व्हायच्या दिवशी ऑफिसमधून फोन आला की मॅडमचा फॉर्म पुढे जात नाहीये, 'पतीचे नाव' रिकामं सोडलंय. त्या दरम्यान वेगळ्या झाल्या होत्या, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. क्लार्क बिचारा चांगला माणूस, तो म्हणे, "म्याडम, मी काय करू, हा कॉलम खाली सोडला तर सिस्टम समोर जातच नाही ना." आम्ही अर्जातून ते नाव काढलं होतं, जाहिरातीतून काढलं होतं, पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मॅन्डेटरी होतं. शेवटी त्या रकान्यात एक टिंब टाकून फॉर्म पुढे सरकवला. सॉफ्टवेअरवाल्याकडून तो रकाना काढून घ्यायला आठ महिने लागले, तेव्हा तुम्ही जाहिरात लिहायला बसायच्या आधी त्याला फोन करून ठेवा.